माशाची कटलेटं घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ दापोली तालुक्यातलं हर्णे. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव होई आणि सुट्टीत आम्ही नऊ-दहा पोरं घरात असताना आजी जे करायची, त्यात सगळ्यात आधी संपायची ती माशाची कटलेटं. गेली काही वर्षं मी ती करून लोकांना खायला घालते, करायला शिकवते. त्यामुळे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एकच गोष्ट सारखी येईल: पाणी. कटलेट बिघडतं ते बहुतेक वेळा मसाल्याने नाही, पाण्याने.

१. माशाचं कटलेट म्हणजे नेमकं काय? तुकडी तळण्यापेक्षा वेगळं काय मिळतं?

शिजवलेल्या माशाचा काटे काढलेला गर, थोडा बटाटा, आलं-लसूण-मिरची, आंबट काहीतरी, आणि हे सगळं चपटं थापून रव्यात घोळवून तव्यावर परतलेलं. 'कटलेट' हा शब्द मूळचा फ्रेंच, इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि आता घरचाच झाला. आमच्या घरी या पदार्थाची गरज दोन कारणांनी होती. एक म्हणजे सुरमईच्या चार तुकड्या नऊ ताटांत पुरवायच्या होत्या. दुसरं, पाच वर्षांच्या आतल्या पोरांना काट्याची भीती न बाळगता मासा खाता यायला हवा होता. तुकडी ज्याची त्याने सांभाळून खायची असते. कटलेटातले काटे आधी कोणीतरी काढून ठेवलेले असतात.

२. कोणता मासा घ्यावा?

पहिल्यांदा करत असाल तर सुरमईच घ्या. मांस घट्ट, काटे कमी आणि मोठे, गर कोरडा सुटतो. मधल्या महागड्या तुकड्या लागत नाहीत. शेपटीकडचा भाग मागा, तो स्वस्त पडतो आणि त्यात काटेही कमी. रावस आणि घोळ उत्तम. हलवाही चालतो. मोरीत (म्हणजे लहान शार्कमध्ये) काटा नसतो, कूर्चाच असते, त्यामुळे सोपी, पण तिला एक उग्र वास असतो (प्रश्न १२ पाहा). गोड्या पाण्यातला घ्यायचा तर मरळ चांगली. रोहू-कटल्यात बारीक दुहेरी काटे असतात, वेळ हाताशी असेल तरच त्या वाटेला जा. पापलेटाची कटलेटं करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची चव तुकडीतच कळते.

मांदेली, कर्ली यांचा गर काढायचा प्रयत्न करू नका. बोंबील आणि बांगड्याचं तंत्र वेगळं आहे, ते प्रश्न ९ आणि १० मध्ये.

३. मासा आधी उकडायचा, वाफवायचा की तळायचा?

वाफवायचा. मोदकपात्राच्या जाळीवर केळीचं पान किंवा ओलं फडकं ठेवा, त्यावर हळद, मीठ आणि थोडं कोकमाचं आगळ लावलेल्या तुकड्या. बोटभर जाडीच्या तुकडीला सात-आठ मिनिटं पुरतात. काटा-चमच्यातल्या काट्याच्या टोकाने टोचल्यावर मांस पाकळ्यांत सुटलं की झालं. पाण्यात उकडलात तर चव पाण्यात जाते आणि पाणी माशात येतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. वाफवताना खाली जमलेलं पाणी फेकू नका, ते त्या दिवशीच्या कालवणात घाला.

४. काटे नक्की निघाले हे कसं ओळखायचं? मुलांना देताना भीती वाटते.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

आजीची पद्धत अशी होती. तुकड्या कोमट झाल्या की ती स्टीलच्या परातीसमोर बसायची, दिव्याखाली. गरम असताना मांस चिकट असतं आणि काटा त्यात लपतो. अगदी गार झालं की गर आवळून बसतो. कोमट असताना पाकळ्या आपोआप सुटतात. आधी साल आणि मधला मोठा काटा बाजूला. मग पोटाकडच्या बाकदार काट्यांची रांग. मग तुकडीच्या मध्यरेषेवर, जिथे पाठीचं आणि पोटाचं मांस मिळतं, तिथले आडवे बारीक काटे. जे निसटतात ते बहुतेक इथलेच.

यानंतर खरी परीक्षा. थोडा थोडा गर परातीवर घेऊन तळहाताने नाही, चार बोटांच्या पेरांनी हलका दाबत पुढे सरकवायचा. उरलेला काटा परातीवर घासला की बारीक 'चर्र' असा आवाज येतो. आजीला शेवटी नीट दिसत नव्हतं, पण त्या आवाजावर ती काटा शोधायची, आणि त्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोललेलं तिला चालत नसे. हे दोनदा करा. आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने करा, कारण एकाच्या बोटांतून सुटलेला काटा दुसऱ्याच्या बोटांना लागतो.

मिक्सरमध्ये फिरवून काटे 'मोडतील' असं समजू नका. ते तुटून आणखी बारीक होतात आणि मग सापडत नाहीत.

काटा घशात अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावण्याची आपल्याकडची रीत टाळा. काटा त्याने आणखी खोल रुतू शकतो. टोचणं थांबत नसेल, तोंडात रक्त दिसलं किंवा लाळ गिळता येत नसेल, तर लगेच डॉक्टर गाठा.

५. प्रमाण सांगा ना, अंदाज नको.

१२ ते १४ कटलेटांसाठी: सुरमई ५०० ग्रॅम (यातून साधारण ३५० ग्रॅम गर निघतो), उकडलेले बटाटे २०० ग्रॅम, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून, आलं एक इंच, लसूण ६-७ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३-४, कोथिंबीर मूठभर, मालवणी मसाला दीड चमचा, हळद अर्धा चमचा, लिंबाचा रस एक मोठा चमचा, मीठ. वरून घोळवायला बारीक रवा एक वाटी आणि त्यात तांदळाचं पीठ दोन चमचे.

आलं-लसूण-मिरची पाणी न घालता ठेचा. खलबत्ता असेल तर तोच काढा, मिक्सर पाणी मागतो. माशाला वाफवताना मीठ लावलेलं आहे हे लक्षात ठेवून वरचं मीठ बेताने घाला. कांदा आणि मीठ सगळ्यात शेवटी, थापायच्या अगदी आधी. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो आणि पंधरा मिनिटांत मिश्रण सैल होतं.

६. बटाटा घालायलाच हवा का?

शिजवलेल्या माशाला हवा. त्याचं कारण असं: कच्च्या माशाचा गर मीठ घालून मळला की त्यातली प्रथिनं चिकट होतात आणि गोळा स्वतःच धरतो. एकदा शिजला की ती प्रथिनं घट्ट बसून गेलेली असतात, पुन्हा चिकटत नाहीत. मग बांधायला बाहेरचं काहीतरी लागतं.

पण बटाटा माशाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त, याच्या पुढे नको. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच 'फिश कटलेटां'मध्ये बटाट्याला माशाचा वास तेवढा असतो. बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं छान लागतं, आमच्याकडे श्रावणाआधीच्या दिवसांत तेच वापरत. कोरडे पोहे दळून दोन-तीन चमचे घातले तरी काम होतं, आणि ते जास्तीचं पाणीही पितात.

कच्च्या माशाची करायची असतील तर बटाटा पूर्ण वगळा: गर सुरीने खिमासारखा बारीक करा, मीठ घालून एकाच दिशेने चार-पाच मिनिटं मळा, मग मसाला. ही कटलेटं जास्त लुसलुशीत आणि थोडी रबरासारखी दाट होतात. मात्र कच्च्या गरातले काटे शोधणं फार अवघड, म्हणून त्यासाठी मोरी किंवा काटे काढून मिळणारा रावसच घ्या.

७. तव्यावर टाकली की फुटतात. काय चुकतं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. कारणं चार, आणि मी ती ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने सांगते.

बटाटा ओला आहे. बटाटे सोलून, कापून पाण्यात उकडले तर ते पाणी पितात. सालासकट, अख्खे शिजवा, पाण्याबाहेर काढा, सोला, कुस्करा आणि परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम बटाट्याची वाफ मिश्रणातच पाणी होऊन राहते. माझ्याकडे एकदा पाहुणे दाराशी असताना मी गरम बटाट्यातच मासा कालवला. बाराच्या बारा कटलेटं तव्यावर पसरली. शेवटी त्याचा खिमा करून पावाबरोबर वाढला. पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्लं, पण कटलेट खायला बोलावलं होतं याची रुखरुख मला आजही आहे.

मासा ओला आहे. वाफवल्यावर तुकड्या चाळणीत निथळवा. फ्रीजरमधला मासा वापरला असेल तर गर सुती फडक्यात हलका पिळा.

थापून लगेच तळलं. थापलेली, रव्यात घोळवलेली कटलेटं ताटात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. रवा ओल शोषतो आणि बाहेर कवच धरतं.

उलटायची घाई केली. बिडाचा तवा चांगला तापू द्या, तेल तव्यावर सगळीकडे पसरेल इतकं घाला, कटलेटं सोडली की मध्यम आच आणि तीन-चार मिनिटं हातही लावू नका. कडेने सोनेरी रेघ वर चढलेली दिसली आणि कालथा सरकवल्यावर कटलेट स्वतः सुटलं, की मगच उलटा.

अंडं घालून फुटणं थांबवायचा सल्ला सगळे देतात. ओल्या मिश्रणात अंडं म्हणजे आणखी ओल. वर दिलेली चार कारणं नसतील तर अंड्याची गरज पडत नाही. बाहेरून फेटलेलं अंडं लावून मग रवा किंवा ब्रेडचा चुरा लावायला हरकत नाही, पण मला रव्याची खरखर आवडते. कोकणात मासा रव्यातच तळतात आणि दाताखाली तो आवाज यायला हवा.

८. सगळं केलं तरी आजीच्या हातची चव येत नाही.

आधी आंबटपणा तपासा. लिंबू ताजं लागतं, कोकमाची चव मागाहून येते आणि रेंगाळते. रायगड-रत्नागिरीच्या जुन्या घरांत बहुधा कोकम असे. चार आमसुलं थोड्याशा गरम पाण्यात भिजवून, चुरून, तो घट्ट कोळ वाफवण्याआधी माशाला लावून पाहा.

मग मसाला. प्रत्येक घराचा वर्षाचा मसाला वेगळा: मालवणी, आगरी-कोळी घरांतला, वसईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या ख्रिस्ती) घरांतला बाटलीतला. ज्या घरची चव शोधताय त्या घरचा मसाला मिळवा, दुकानातलं पाकीट तिथवर नेणार नाही. आणि तेल. आमच्या आजीचं शेंगदाण्याचं होतं, घाण्यावरचं. तेल बदलल्यावर मला स्वतःला पहिल्यांदा 'हां, हेच' असं वाटलं होतं.

९. बोंबलाची होतात का?

होतात आणि फार सुंदर होतात, पण वाफवायचे नाहीत. बोंबलात पाणीच इतकं की वाफवल्यावर लगदा हातात येतो. बोंबील चिरून, उघडून, मधला काटा काढून मीठ लावा. दोन फडक्यांमध्ये पसरून वर पाटा किंवा जड काही ठेवा, तासभर. परातीत साठलेलं पाणी पाहून विश्वास बसणार नाही. मग बारीक चिरून आलं-लसणाबरोबर कढईत कोरडे होईपर्यंत परता. बांधायला बटाट्याऐवजी भाजलेलं बेसन आणि पोह्याचं पीठ. ही कटलेटं लहान, पेढ्याएवढीच करा, मोठी केली तर मधे मऊ राहतात.

१०. बांगडा, तारली?

स्वस्त, चविष्ट, तेलकट. वाफवून पाठीचा काटा अख्खा ओढून काढा, मग सालीलगतचं तपकिरी मांस बोटाने खरवडून बाजूला करा, कारण उग्र चव तिथे असते. तिरफळं मिळाली तर तीन-चार ठेचून, आतली काळी बी टाकून, फक्त साल वापरा. बांगडा आणि तिरफळ ही जोडी कटलेटातही जमते. तारलीचे काटे पुष्कळ. ती मी कटलेटांत घेत नाही.

११. जून-जुलैत मासा मिळत नाही तेव्हा?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत आमच्याकडे सुक्या जवळ्याच्या वड्या होत. जवळा निवडून कोरडा भाजा, चाळून वाळू काढा, दहा मिनिटं पाण्यात ठेवून घट्ट पिळा. भरपूर कांदा, कोकम, मिरची, तांदळाचं पीठ आणि थोडं बेसन घालून थापा. मीठ आधी चाखून मगच.

एक सावधगिरी: जवळा हा मासा नाही, कोळंबीच्याच जातकुळीतला जीव. ज्यांना मासा चालतो पण कोळंबीने अंगावर उठतं, त्यांना या वड्या देऊ नका.

१२. वास येतो. तो जाण्यासाठी काय करू?

आधी वास कशाचा हे बघा. ताज्या माशाला समुद्राचा हलका वास असतो, तो आगळ आणि आल्याने मवाळ होतो. मोरीला अमोनियासारखा वास येतो कारण तिच्या शरीरात युरिया असतो. ताजीच घ्या, दोन-तीन पाण्यांनी धुऊन आगळात अर्धा तास ठेवा. वास तरी उग्रच राहिला तर ती शिळी आहे.

सुरमई, बांगडा, ट्यूना, तारली हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. शिजवून ते नष्ट होत नाही आणि मसाल्याने झाकलंही जात नाही. शंका आली तर मासा टाकून द्या. 'मासा जरा उतरलाय, कटलेटं करून टाकू' हा विचार मनातूनही काढून टाका.

१३. कालच्या कालवणातल्या उरलेल्या तुकड्यांची करता येतात?

हो, आमच्या घरी निम्म्या वेळा तशीच व्हायची. अट अशी की कालवण रात्रभर ओट्यावर राहिलेलं नसावं. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये गेलेलं हवं. तुकड्या रश्शातून काढून निथळवा, मसाला निम्मा करा. तळलेल्या उरलेल्या तुकड्यांचं वरचं रव्याचं कवच काढून टाका, ते मिश्रणात ओलं होऊन गिचका करतं.

१४. आधी करून ठेवता येतात का?

घोळवून एक दिवस फ्रीजमध्ये. महिनाभर ठेवायची तर ताटात सुटी सुटी गोठवून मग डब्यात भरा. तळताना विरघळवू नका, बटाटा पाणी सोडतो. गोठलेलीच मंद आचेवर ठेवा आणि आतपर्यंत गरम झाल्याची खात्री करा. नुसतं मिश्रण मात्र गोठवू नये.

१५. आम्ही परदेशात राहतो. सुरमई नाही, कोकम नाही.

कॉड आणि हॅडॉक चालतात, पण दोन्ही पाणी सोडतात, म्हणून प्रश्न ७ मधलं निथळवणं जास्त काटेकोरपणे करा. सामन तेलकट, त्याला बांगड्यासारखं वागवा. डब्यातला ट्यूना घ्यायचा तर पाण्यातला, पूर्ण पिळून. तो खारट असतो, मीठ शेवटी चाखूनच. आमसुलं सामानातून न्यायला सगळ्यात सोपी. तेही नसेल तर चिंचेचा घट्ट कोळ.

१६. एअर फ्रायरमध्ये?

१९० अंशांवर बारा ते चौदा मिनिटं, दोन्ही बाजूंना तेलाचा हात, मधे एकदा उलटून. रंग येतो, पण कड तव्यासारखी कुरकुरीत होत नाही. रव्याला आधीच एक चमचा तेल चोळून घेतलं तर बराच फरक पडतो.

१७. गरोदर बाईला, लहान बाळाला चालतात का?

नीट शिजलेली कटलेटं चालतात. मात्र मोरी आणि मोठी सुरमई यांसारख्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, त्यामुळे गरोदरपणात ते टाळून बांगड्यासारखा लहान मासा घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाळाला देताना मिरची-मसाला वगळा आणि काटे तीनदा तपासा (प्रश्न ४). रव्यात गहू असतो, ज्यांना तो चालत नाही त्यांच्यासाठी नुसतं तांदळाचं पीठ लावा.

१८. माझी आई आता ८० ची आहे. तिची कटलेटं शिकायची आहेत, पण ती मापं सांगत नाही, 'अंदाजाने घाल' म्हणते. काय करू?

तिला सांगायला लावू नका, करायला लावा, आणि शेजारी वजनकाटा घेऊन बसा. प्रत्येक डबा तिने हात घालण्याआधी आणि घातल्यानंतर मोजा. फरक लिहून ठेवा. मामीबरोबर मी असंच केलं. आजी गेल्यावर तिची कटलेटं जशीच्या तशी फक्त मामीला जमत होती. वर्षभर तिने सांगितल्याप्रमाणे 'मूठभर कोथिंबीर' घालूनही माझी कटलेटं कोरडी लागत होती. त्या दिवशी कळलं, मामीची मूठ ३२ ग्रॅमची आणि माझी १९ ग्रॅमची. शिवाय ती कोथिंबिरीचे कोवळे देठही चिरून घालत होती, जे मी इतके दिवस टाकून देत होते.